मेजापासून तिसरा बाक

निपाणीत आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू. देवळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, मेजावर ठेवलेली पोळी आणि रस सगळ्यांनी मिळून घ्यायचा विधी. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आई दुपारी चारला विड्या वळायचं थांबायची. एरवी दिवेलागणीपर्यंत तिचे हात थांबत नसत. मांडीवरचं सूप उचलून ती भिंतीला टेकवायची, उरलेला तंबाखू डब्यात भरायची, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं मोरीशेजारी सरकवायची आणि हात धुवायला बसायची. आधी चुलीतली राख, मग लिंबाचं साल, मग नारळाची शेंडी. नखांच्या कडेला एक तपकिरी रेघ असे, ती दाभणाच्या टोकाने काढायची. एवढं झाल्यावर दोन्ही तळवे माझ्या नाकापुढे धरून विचारायची, "येतोय काय गं वास?"

मी नाही म्हणायचे. वास येत असे.

मग ती पोळी करायला बसायची. मेजावर ठेवायची पोळी आमच्या मंडळीत, म्हणजे देवळाच्या सभासदांत, आईच करत असे. गव्हाची, जाडसर, बिनतेलाची. बेदाणे भिजवून, उकळून, गाळून त्याचा रसही तीच करायची. हे काम तिला कोणी दिलं होतं, ते मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हा ते तिचंच होतं. रविवारी सकाळी पाळकसाहेब त्या पोळीचे लहान चौकोनी तुकडे करत. आई मेजापासून तिसऱ्या बाकावर बसायची आणि तुकडे होताना पाहायची.

वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते. मी सहा वर्षांची असताना तापाने गेले. मागे आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान बहीण. घर वखारींच्या मागच्या गल्लीत. हंगामात तंबाखू कुटला जाई तेव्हा अख्ख्या गावाला ठसका लागायचा. आम्हाला तो जाणवत नसे. बसमधून उतरलेला परका माणूस मात्र स्टँडवरच शिंकायला लागायचा, त्यावरून तो परका आहे हे कळायचं.

मंडळीत तीसेक घरं होती. त्यांतल्या बहुतेक घरांतल्या बायका एकतर वखारीत जात, नाहीतर घरी विड्या वळत. देवळाच्या भिंतीवर सभासदांनी द्यायच्या वचनांचा एक फळा होता. त्यातलं चौथं वचन दारू आणि तंबाखूपासून स्वतःला व आपल्या घराला दूर ठेवण्याचं होतं. गल्लीने त्याचा अर्थ ओढायची नाही, खायचा नाही, एवढाच घेतला होता, आणि तेवढा पाळलाही होता. म्हातारे पाळकसाहेब प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी ती वचनं वाचत आणि चौथ्यापाशी कुणाच्याही तोंडाकडे पाहत नसत.

मी दहा वर्षांची असताना एक गोष्ट घडली. ती आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं.

शाळेतून आल्यावर मी आईला मदत करायचे. ती वळायची, मी दोरा बांधायचे आणि पंचवीस विड्यांची जुडी करायचे. कारखान्यात तपासणारा माणूस असे, त्याला बायका चेकर म्हणत. वाकड्या, सैल, फाटक्या पानाच्या विड्या तो बाजूला काढायचा. अशा विड्यांना छाट म्हणत. एकदा मी चार वाईट विड्या जुडीच्या मधोमध घातल्या. वरून दिसत नव्हत्या. चेकरने जुडी घेतली. घरी येऊन मी आईला हे सांगितलं. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं.

तिने वळायचं थांबवलं. मला हाताला धरून परत कारखान्यात नेलं आणि रांगेत उभं केलं. नंबर आल्यावर म्हणाली, "सांग यास्नी."

मी सांगितलं. चेकर हसला. म्हणाला, "ल्हान पोर हाय, जाऊ द्या की बाई."

"न्हाय. काढा ती जुडी."

त्याने ती शोधून काढली आणि सगळीच मोडून टाकली, कारण नियम तसा होता. परत आल्यावर आई घराच्या पायरीवर थांबून म्हणाली, "कुणी इचारलं तर खरं सांगायचं. समदं सांगायचं. अर्धं सांगून गप बसायचं न्हाय."

संध्याकाळी जेवणाआधी प्रार्थना असे. आई डोळे मिटून देवाशी घरातल्या थोरल्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. त्या दिवशी तिने देवाला सांगितलं की पोरीने आज चारचौघांत खरं सांगितलं, तिला तशीच ठेव. रांगेतली लाज मी लवकर विसरले. हे वाक्य विसरले नाही. पुढच्या शनिवारी तिने तळवे पुढे केले तेव्हा मी म्हणाले, "येतोय." ती पुन्हा राखेकडे वळली.

मी बारा वर्षांची असताना म्हातारे पाळकसाहेब निवृत्त झाले आणि नवे आले. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. नवे पाळकसाहेब नगरकडचे, तिशीच्या आतले, नुकतं लग्न झालेले. सायकलवर फिरत. त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी होती. ते बोलायला लागले की गल्लीतल्या बायका पदर सारखा करत. स्टँडवर उतरले तेव्हा तेही शिंकले होते, हे आम्ही पोरींनी पाहिलं होतं.

शनिवारी सकाळी ते आम्हा सात मुलांचा दृढीकरणाचा वर्ग घेत. दृढीकरण झाल्याशिवाय मेजापाशी जाता येत नसे. वर्गात ते फळ्यावरची वचनं एकेक करून समजावत. चौथ्या वचनापाशी आले तेव्हा त्यांनी पहिल्या मुलाला विचारलं, तुझ्या घरात तंबाखू आहे का? त्याने नाही म्हटलं. त्याची आई वखारीत पानं निवडायला जायची. तरी गल्लीच्या हिशेबाने त्याचं उत्तर बरोबर होतं. त्यांच्या घरात कोणी ओढत नव्हतं. मग दुसरी, मग तिसरा. सहाजणांनी नाही म्हटलं. मी टोकाला बसले होते.

मी म्हणाले, "आहे. दोन डबे. आई विड्या वळते. मी दोरा बांधते."

कुणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेबांनी सावकाश विचारलं, "आणि या बाकीच्यांच्या घरी?"

त्यांनी विचारलं होतं, म्हणून मी सांगितलं. कोणाची आई वळते, कोणाची आई आणि आत्या दोघी वळतात, कोण वखारीत जातं. सहांपैकी पाच घरं निघाली. पाळकसाहेब माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तू खरं बोललीस." घरी जाताना मला बरं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात ते आमच्या घरी आले. बाकीच्या पाच घरी गेले नाहीत. आमच्याच घरी का, तर पोळी आई करत होती म्हणून. त्यांनी बाजेवर बसून चहा घेतला. आई उंबऱ्याशी उभी होती, मी खाली बसून दोरा बांधत होते. ते तिच्याशी आदराने बोलले, आवाज चढवला नाही. ज्या हातांनी प्रभूच्या मेजाची तयारी होते त्यांबद्दल आपल्या मनात प्रश्न उभा राहिला आहे, असं काहीतरी म्हणाले. पुढचे त्यांचे शब्द मला नेमके आठवतात.

"मी कुणाला मनाई करत नाही, बाई. मनाई करणारा मी कोण? तुम्ही आपल्या विवेकाला विचारा आणि तो सांगेल तसं करा."

"बरं, पाळकसाहेब," आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "वळायचं सोडलं तर पोरी काय खातील, ते बी त्यालाच इचारू काय?"

ते लाल झाले. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन, म्हणाले, आणि सलाम करून गेले. आईने कपबशी विसळून ठेवली आणि सूप मांडीवर घेतलं.

त्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारचे चार वाजून गेले तरी ती उठली नाही. दिवेलागणीपर्यंत वळत राहिली. तवा आणि बेदाण्याचं भांडं सकाळीच पाळकीणबाईंकडे देऊन आली होती. पोळी किती जाड ठेवायची तेही दाखवून आली होती. रविवारी तिने नेहमीसारखी पांढरी साडी नेसली आणि आम्हा दोघींना घेऊन तिसऱ्या बाकावर बसली. गीतं म्हटली, अर्पण टाकलं. पाळकसाहेबांनी मेजापाशी या म्हटल्यावर बाकावरची माणसं उठू लागली. आई उठली नाही. आतल्या माणसांना बाहेर पडता यावं म्हणून तिने दोन्ही गुडघे एका बाजूला वळवले.

ही सवय पुढे बारा वर्षं राहिली.

गल्लीत माझ्यावर राग होता. पाळकसाहेबांनी एका रविवारी कुणाचं नाव न घेता चौथ्या वचनावर प्रवचन केलं आणि ते कुठून आलं हे सगळ्यांना कळलं. त्यांतली एकही बाई मेजापाशी जायची थांबली नाही, पण पाण्याच्या नळावर मला पाहून बोलणी थांबू लागली. एकजण आईला म्हणाली, "तुझ्या पोरीला मोठी झाल्यावर पोलिसात घाल गं. घरं लई झ्याक दावती." बायका हसल्या. आईही हसली आणि घागर उचलून निघाली.

शेजारी आक्का राहायची. ती बौद्ध होती, आईहून सात-आठ वर्षांनी मोठी, आणि त्याच कारखान्याच्या विड्या वळायची. दुपारी दोघी आमच्या कट्ट्यावर सुपाला सूप लावून बसत. आक्काला सगळी हकीकत माहीत होती. ती म्हणाली, "तुमचा देव लई सोवळा निघाला गं. आमच्यात बरं हाय, हात हुंगून कोण आत घेत न्हाय."

"देव न्हाय हुंगत आक्का," आई म्हणाली. "पाळक हुंगत्यात."

दोघी हसल्या. मीही हसले. आई थट्टा करत होती असं मला वाटलं.

काही महिन्यांनी माझं दृढीकरण झालं. त्या सकाळी केसांना तेल लावून घेताना मी आईला म्हणाले की तू येणार नसशील तर मीही मेजापाशी जाणार नाही. तिने वेणी घट्ट ओढली.

"तू काय माझ्यासाठनं जातीस? जा."

मी गेले. मेजापुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकले. परत बाकाकडे आले तेव्हा आईने गुडघे वळवून मला वाट दिली. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मी आईची माफी मागितली. तिने डोळे उघडले. म्हणाली, "कशाची माफी? इचारलं, सांगितलंस. मीच शिकवलंतं." मग डोळे मिटून तिने प्रार्थना पुढे चालू केली.

मला वाटलं तिला लाज वाटते. मी जे बोलले त्याने तिच्या हातांची तिला लाज वाटायला लागली आहे आणि ती घालवायचा उपाय एकच आहे, तिचं वळणं थांबवणं. मी शिकायचं, नोकरी धरायची, आईच्या मांडीवरचं सूप उतरवायचं, मग ती मेजापाशी जाईल. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण त्यानंतर मी जे काही केलं, मॅट्रिक, बेळगावचं कॉलेज, एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची नोकरी, त्यामागे हे होतं. नऊ वर्षं गेली. नोकरी लागल्यावर मी आईला म्हणाले, आता बंद कर. ती म्हणाली, धाकटीचं होऊ दे. बहीण चिकोडीला शिक्षिकेचं शिक्षण घेत होती. आणखी दोन वर्षं गेली.

मधल्या काळात पाळकसाहेबांची बदली झाली. दुसरे आले, मग तिसरे. प्रत्येकाला कुणीतरी सांगायचं की तिसऱ्या बाकावरच्या बाई प्रभुभोजन घेत नाहीत. का, हे कोणी सांगत नसे आणि ते विचारत नसत. एकाला वाटत होतं की काहीतरी घरगुती भांडण असावं. आई एकही रविवार चुकवत नव्हती.

बहिणीला शाळा मिळाली आणि आईने वळणं थांबवलं. सूप धुऊन, उन्हात वाळवून तिने खिळ्याला टांगलं. तिचा खोकला तोवर सुरू झाला होता, पण निपाणीत खोकला कोण मोजतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बेळगावहून पहाटेची बस धरून आले. उपासनेच्या आधी पोहोचले आणि तिच्या शेजारी बसले. पाळकांनी बोलावलं. मी उठले आणि तिच्याकडे पाहिलं.

तिने गुडघे वळवले.

त्या दुपारी जेवताना मी विचारलं. आम्ही तिघीच होतो. "आता तरी का नाही गेलीस?"

ती थोडा वेळ भात कालवत राहिली. "गेले आसते तर बायका काय म्हणल्या आसत्या?"

"सुटली म्हणाल्या असत्या."

"व्हय. सुटली. मंजे त्येच्या आदी मी कशात हुते?"

मी हातातला घास ताटात ठेवला.

"तुमास्नी मी इड्या वळून वाढीवलं," ती म्हणाली. "त्यात पाप हाय आसं मला कवा वाटलं न्हाय. एक दिस न्हाय. त्याच हातानं तुमास्नी खायाला घातलं, त्याच हातानं देवाला जोडलं. आता काम सुटलं म्हणून उठले, तर ते पाप हुतं आसं मीच म्हणल्यागत हुतंय."

"मग इतकी वर्षं तू..."

"त्यांनी घरात यून सांगितलं. माझ्या एकटीला. आता त्यांनीच तितं सांगू दे, समद्या बायकांच्या म्होरं. वळत आसलीस तरी ये म्हणून. मग मी जाईन."

तिने हे रागाने सांगितलं नाही. बहिणीने मला नंतर विचारलं की तुला हे माहीत नव्हतं का. मला माहीत नव्हतं. घरातल्या कुणी तिला कधी विचारलंच नव्हतं, मीही नाही. मला कारण माहीत आहे असं मी बारा वर्षांची असताना ठरवलं होतं आणि पुढे तसंच धरून चालले.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता आईचा खोकला वाढला. बेळगावच्या डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की फुप्फुसांत फार काही उरलेलं नाही. मी आईला निपाणीला पोहोचवलं आणि परत आल्यावर त्या नगरकडच्या पाळकांचा शोध घेतला. शोध लांबचा निघाला नाही. ते पिरनवाडीच्या बाजूला एका लहान मंडळीत होते, बेळगावात मी राहत होते तिथून सिटी बसच्या अंतरावर. ते तिथे येऊन दोन वर्षं झाली होती, आणि ती दोन वर्षं आम्ही एकाच शहरात होतो.

मी नाव सांगितल्यावर त्यांनी मला लगेच ओळखलं. केस पिकले होते, चष्मा आला होता. त्यांना फार आनंद झाला. पाळकीणबाईंना हाक मारून म्हणाले, "अगं, ही ती मुलगी." मग मला सांगू लागले की माझी गोष्ट त्यांनी कितीतरी ठिकाणी प्रवचनात सांगितली आहे. त्यांच्या गोष्टीत सहाजण खोटं बोलले आणि सातवी मुलगी आपल्या घराची पर्वा न करता खरं बोलली. लहान मुलांना ती गोष्ट आवडते, म्हणाले.

"आई कशा आहेत?"

मी सांगितलं. छातीचं आधी, मग बाकाचं. शेवटी आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. ती मेजापाशी यायची थांबली हे त्यांनी त्या वेळी पाहिलं होतं. काही महिन्यांत काम सोडून येईल असं त्यांना वाटलं होतं. मग त्यांची बदली झाली आणि ते विसरले.

"मी मनाई केली नव्हती," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "केली नव्हती."

पाळकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला पोळी शिकवायला आल्या होत्या. मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही का नाही करत? तर म्हणाल्या, आता तुम्ही करा."

ते निपाणीला यायला आणि देवळात उभं राहून सांगायला तयार झाले. अडचण दिवसाची होती. सांगायचं ते प्रभुभोजनाच्या रविवारी सांगायचं होतं, आणि पहिल्या रविवारी त्यांच्या स्वतःच्या मंडळीतही प्रभुभोजन असे. त्या महिन्यात त्यांच्या जागी दुसरं कोणी मिळालं नाही. पुढच्या महिन्यात पाळकांची परिषद होती. शेवटी दिवाळीनंतरच्या महिन्यातला पहिला रविवार ठरला, तेव्हा त्यांच्या जागी एकजण मिळत होता. मी आईला सांगितलं. तिने बोटांवर आठवडे मोजले आणि म्हणाली, "बरं. साडी धुऊन ठेव."

बहिणीने पांढरी साडी धुतली, घडी घालून ट्रंकेवर ठेवली.

शेवटचे तीन आठवडे मी रजा काढून निपाणीला होते. त्याआधी दिवसा आईपाशी आक्का बसायची. बहीण शाळेत जायची, मी बेळगावात, दुसरं कोणी नव्हतं. मी आले तेव्हा आईला उठवणं, कुशीवर वळवणं एकटीला जमत नव्हतं, म्हणून आक्का तरीही येत राहिली. त्यात तिचं वळणं मागे पडलं होतं. ठरलेल्या विड्या दिल्या नाहीत तर कारखान्यातून तिचं नाव कमी होण्याची वेळ आली होती. आक्काने हे सांगितलं नाही, तिच्या सुनेने सांगितलं. मग मी आक्काचं सूप आमच्या घरात आणलं आणि आईच्या बाजेशेजारी बसून वळायला लागले. मोठी झाल्यावर मीही वळायला शिकले होते, पण आता कितीतरी वर्षांनी वळत होते. पहिल्या दिवशी बोटं चुकली, दुसऱ्या दिवशी त्यांना आठवलं.

आईला श्वास पुरत नव्हता, पण नजर सुपावर होती. "तोंड नीट मुडप," ती म्हणायची. "छाट निघंल."

"निघू दे," आक्का म्हणायची. "तुझ्या पोरीनं वळल्या म्हणून सांगीन चेकरला. खरं सांगायचं आसतंय न्हवं तुमच्यात?"

आईला हसू आलं की खोकला यायचा, म्हणून आक्का पुढे पुढे बोलायची थांबली.

आई त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी सकाळी गेली. गुरुवारी आम्ही तिला पुरलं. ट्रंकेवरची पांढरी साडी तिला नेसवली. पिरनवाडीच्या पाळकांना कळवायला वेळ मिळाला नाही. शनिवारी आक्काच्या विड्या द्यायचा दिवस होता. त्या अर्ध्या राहिल्या होत्या. मी आणि आक्का सकाळपासून बसलो आणि पुऱ्या केल्या. त्या दिवशी एकही छाट निघाली नाही.

रविवारी पाळकसाहेब पहिल्या बसने आले. देवळाच्या दारात त्यांना कळलं. ते माझ्याकडे आले आणि त्यांनी विचारलं की आता सांगू की नको.

"सांगा," मी म्हणाले. "तिनं तिथं सांगा म्हटलं होतं."

त्यांनी सांगितलं. त्यांचं बोलणं पाच मिनिटांचं होतं आणि या वेळी त्यांनी पुस्तकातले शब्द वापरले नाहीत. आपण तरुण असताना या मंडळीतल्या एका बाईच्या घरी जाऊन जे बोललो ते चुकीचं होतं, असं ते म्हणाले. ज्या हातांनी विड्या वळल्या त्याच हातांची पोळी या मेजावर वर्षानुवर्षं होती आणि देवाने ती परत पाठवली नव्हती. तंबाखूच्या कामावर ज्या बायका जातात त्यांनी हात जसे असतील तसे घेऊन यावं. हे मला त्या बाईंच्या समोर सांगायचं होतं, म्हणाले, आणि मेजाच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

बायका खाली पाहत होत्या. त्यांतल्या कितीतरींनी आता काम सोडलं होतं, काहींच्या सुना वळत होत्या. नळावर मला पोलिसात घालायला सांगणारी बाई पहिल्या बाकावर होती. तिने पदराने डोळे पुसले की नाक, ते मला मागून दिसलं नाही.

निपाणीच्या पाळकांनी मंडळीला मेजापाशी बोलावलं. तिसऱ्या बाकावर कडेला आक्का होती, मग मी, मग बहीण. आक्का देवळात कधी आली नव्हती. आईबद्दल काय बोलतात ते ऐकायला कुणीतरी पाहिजे, असं म्हणून त्या दिवशी ती आली होती. बहीण उठली आणि पलीकडून गेली. मी बसून राहिले. आई जिथे गेली नाही तिथे आज जावं असं मला वाटत नव्हतं.

आक्काने कोपराने ढोसलं. "उठ की. काय म्हणलीती ती तुला?"

दृढीकरणाच्या सकाळचं ते 'जा' तिला आईने कधीतरी सांगितलं असणार. मी उठले. आक्काने दोन्ही गुडघे एका बाजूला वळवून मला वाट दिली.

कठड्यापाशी मी हात पुढे केले. नखांच्या कडेला कालची तपकिरी रेघ होती. मी ती धुतली होती, पण नुसत्या पाण्याने. पोळी देत होते ते नगरकडचे पाळकसाहेबच. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग तळहातावर तुकडा ठेवला आणि त्यांचा हात क्षणभर तिथेच राहिला. मी तुकडा तोंडाजवळ नेला. त्याला तंबाखूचा वास येत होता.